पाऊस आहे, पण कुठल्या पुण्यात? नव्या पुणेकरासाठी हवामानाचा अंदाज वाचायची रीत

पुण्यात नव्याने आलेल्या माणसाचा पहिला पावसाळा ठरलेला असतो. सकाळी फोनवर 'पुणे : ऑरेंज अलर्ट' बघून तो रेनकोट, पावसाळी चपला, लॅपटॉपला प्लॅस्टिकची पिशवी असा सगळा जामानिमा करून निघतो आणि खराडीला पोचेपर्यंत लख्ख ऊन पडलेलं असतं. ऑफिसात लोक हसतात. दुसऱ्या दिवशी तो रेनकोट घरीच ठेवतो. त्या संध्याकाळी काय होतं ते सांगायला नको. मग 'हवामान खात्याचं काही खरं नाही' या सर्वपक्षीय मताला तोही येऊन मिळतो.

मी लातूरहून आलो तेव्हा माझंही हेच झालं. आमच्याकडे 'पाऊस आहे का?' असं गावाला विचारतात. पुण्यात ते पेठेला विचारावं लागतं. खात्याचा अंदाज बऱ्याचदा बरोबर असतो, फक्त तो आपल्यासाठी नसतो. तो कुठल्या पुण्यासाठी आणि कुठल्या वेळेसाठी आहे, हे ओळखायला शिकलो तेव्हापासून माझं भिजणं निम्म्यावर आलं. ती रीत इथे क्रमाने लिहितोय.

पहिली पायरी : पुण्याचे तुकडे पाडा

बातमीतलं 'पुणे' म्हणजे बहुतेकदा पुणे जिल्हा. त्यात लोणावळा, मुळशी, भोर येतात, तसेच दौंड, बारामती, इंदापूरही येतात. म्हणजे एका टोकाला चार महिने गवत वाळत नाही आणि दुसऱ्या टोकाला टँकर लागतात.

कारण सह्याद्री. अरबी समुद्रावरून आलेलं बाष्प घाटमाथ्यावर चढताना थंड होतं आणि तिथेच कोसळतं. डोंगर ओलांडून खाली उतरणाऱ्या हवेत उरलंसुरलं असतं, ते शहराच्या वाट्याला येतं. म्हणून शिवाजीनगरला वर्षाला साधारण सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि लोणावळ्याला त्याच्या कितीतरी पट. २५ जुलै २०२४ च्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत ताम्हिणी घाटात ५५६ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, शिवाजीनगरला ११४. शहराच्या मानाने ११४ म्हणजे हाहाकार होता, तरी ताम्हिणीच्या तो पाचवा हिस्सा. आणि या दोन जागांमध्ये सरळ रेषेत पन्नास किलोमीटरही अंतर नाही.

शहराच्या आतही हीच उतरंड चालते. पावसाळ्यात बावधन, पाषाण, वारजे ही पश्चिमेची बाजू ओली. तिथून डेक्कन, कॅम्प करत हडपसर, खराडीपर्यंत जाल तसा पाऊस विरळ होतो. कोथरूडला रिपरिप आणि मगरपट्ट्यात कोरडा रस्ता, हे जुलैत अगदी रोजचं.

म्हणून इशारा दिसला की रंग बघायच्या आधी एक शब्द शोधायचा : 'घाट'. हवामान विभाग पुण्याचा घाट परिसर वेगळा धरून इशारा देतो. बातमीचा मथळा लिहिणारा मात्र तो शब्द जागेअभावी उडवतो. जुलै-ऑगस्टमधले निम्मेअधिक भयंकर वाटणारे अलर्ट घाटाचे असतात. तुम्ही ताम्हिणीला धबधबा बघायला निघाला असाल तर बेत रद्द करा, हडपसरला कामावर जात असाल तर छत्री पुरेल.

दुसरी पायरी : अंदाजाची भाषा शिकून घ्या

ही पायरी लोक गाळतात आणि नंतर वर्षानुवर्षं चिडत राहतात.

'तुरळक ठिकाणी मुसळधार पावसाची शक्यता' हे वाक्य घ्या. यातला 'तुरळक' हा शब्द पावसाच्या जोराबद्दल नाही, पसाऱ्याबद्दल आहे. त्या भागातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी जास्तीत जास्त पाव केंद्रांवर असा पाऊस होईल, एवढाच त्याचा अर्थ. 'काही ठिकाणी' म्हणजे पाव ते निम्मी केंद्रं, 'अनेक ठिकाणी' म्हणजे निम्मी ते पाऊण, आणि 'बहुतांश ठिकाणी' म्हणजे त्याहून जास्त. तेव्हा 'तुरळक ठिकाणी मुसळधार' असताना तुमच्या गल्लीत थेंब पडला नाही, तर अंदाज चुकला असं होत नाही. चारातल्या निदान तीन गल्ल्यांत मुसळधार होणार नाही, असंच त्यात म्हटलेलं होतं.

'मुसळधार' हासुद्धा नुसता कवितेतला शब्द नाही, त्यामागे आकडा आहे. चोवीस तासांत १५.५ मिलिमीटरपर्यंत हलका पाऊस, ६४.४ पर्यंत मध्यम, ६४.५ पासून मुसळधार, ११५.६ पासून अतिमुसळधार आणि २०४.५ च्या पुढे अत्यंत मुसळधार. एक मिलिमीटर म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. गच्ची शंभर चौरस मीटरची असेल तर 'हलक्या' पावसाच्या दिवशीही तिच्यावर दीड हजार लिटर पाणी पडू शकतं.

इथे एक मेख आहे. हे आकडे चोवीस तासांचे आहेत. चाळीस मिलिमीटर पाऊस दिवसभर संथ पडला तर ती पुण्याची ओळखीची कटकटी रिपरिप, कपडे वाळत नाहीत एवढंच. तोच चाळीस मिलिमीटर संध्याकाळी पाऊण तासात पडला तर चौकाचौकांत गुडघाभर पाणी. कागदावर दोन्ही 'मध्यम पाऊस'. म्हणून अंदाजात 'मेघगर्जनेसह' किंवा 'कमी वेळात जोरदार सरी' असे शब्द असतील, तर मिलिमीटरपेक्षा त्यांना जास्त किंमत द्या.

आणि चोवीस तास म्हणजे सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ. पेपरात 'आज ५० मिलिमीटर' छापून येतं, तो पाऊस बराचसा काल पडलेला असतो.

रंगांचं थोडक्यात : हिरवा म्हणजे काळजी नको, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा. रंग ठरवताना पाऊस किती याबरोबर तो होण्याची शक्यता आणि त्याचा परिणामही धरतात. त्यामुळे पिवळा म्हणजे 'थोडा पाऊस' असं गणित मांडू नका.

तिसरी पायरी : आठवडा, दिवस, तीन तास. प्रत्येकासाठी वेगळ्या माणसाला विचारा

जुने पुणेकर हवामान खात्याला अजूनही 'वेधशाळा' म्हणतात. शिवाजीनगरच्या ज्या चौकाला सिमला ऑफिस म्हणतात, तिथे सिमल्याचं काहीच नाही. देशाच्या हवामान विभागाचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यात हललं, ते त्या दगडी इमारतीत. मुख्यालय पुढे दिल्लीला गेलं, चौकाचं नाव मागे राहिलं. पाषाणला आयआयटीएम ही हवामानशास्त्राची संस्था आहे, तिची स्थापना १९६२ ची. ज्या शहरात हवामानाची एवढी डोकी बसलेली आहेत, तिथे फोनबरोबर आलेल्या कुठल्यातरी ॲपवर विसंबून राहणं मला बरं वाटत नाही. तरीही सगळं एकाच जागी मिळत नाही. किती पुढचं बघायचंय त्यावर जागा ठरते.

आठ-पंधरा दिवसांनी लग्न, सहल, गावी जाणं असेल तर हवामान विभाग दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज देतो. त्यात सरासरीपेक्षा जास्त की कमी, एवढंच असतं. तेवढंच त्याला विचारा. पंधरा दिवसांनंतरच्या मंगळवारी दुपारी तीनला पाऊस दाखवणारं ॲप तुम्हाला बरं वाटावं म्हणून बोलतंय.

पाच दिवसांच्या आतलं बघायचं असेल तर हवामान विभागाच्या 'मौसम' ॲपवर किंवा संकेतस्थळावर शहराचा अंदाज आणि जिल्ह्याचा इशारा असे दोन्ही बघा. 'मौसमग्राम' ही त्यांची सेवा २०२४ पासून आहे. तिच्यात पिनकोड किंवा गावाचं नाव टाकता येतं, आणि पहिल्या दीड दिवसाचा अंदाज तासातासाने मिळतो. पुण्यात पिनकोड टाकण्याला फार अर्थ आहे, हे पहिल्या पायरीवरून कळलंच असेल. फक्त तो आकडा तुमच्या गल्लीत बसून कुणी काढलेला नसतो. संगणक नकाशावर चौकटी पाडून गणित करतो. पूर्वी ही चौकट बारा किलोमीटरची होती. पाषाणच्या संस्थेत तयार झालेली 'भारत फोरकास्ट सिस्टिम' मे २०२५ मध्ये सुरू झाली, तिची चौकट सहा किलोमीटरची आहे. तरी एका चौकटीत कोथरूड आणि डेक्कन एकत्र बसू शकतात.

दुसरं मत हवं असेल तर 'विंडी' हे ॲप उघडा. त्यात युरोपीय आणि अमेरिकी अशी दोन्ही प्रारूपं, म्हणजे अंदाजाची संगणकी गणितं, एकाच जागेसाठी आळीपाळीने बघता येतात. दोघं एकच सांगत असतील तर निर्धास्त राहा. एक चाळीस मिलिमीटर म्हणतंय आणि दुसरं चार, तर त्याचा अर्थ 'अजून कुणाला माहीत नाही' असा घ्यायचा आणि रात्री पुन्हा बघायचं. आपल्याला आवडेल ते प्रारूप निवडायचा मोह होतो. ट्रेकला जाणाऱ्या ग्रुपमध्ये तर तो हमखास होतो.

फोनवरच्या टक्क्यांचं एक. '४० टक्के पाऊस' म्हणजे दिवसाचा ४० टक्के वेळ पाऊस नव्हे आणि शहराचा ४० टक्के भागही नव्हे. त्या ठिकाणी त्या वेळात पाऊस पडण्याची शक्यता दहात चार. दुचाकीवाल्याने दहात चार असेल तर रेनकोट डिकीत टाकावा, दहात सहा असेल तर अंगात घालूनच निघावं.

आता शेवटचे तीन तास. संध्याकाळी साडेपाचला ऑफिसच्या खिडकीतून काळं आभाळ दिसतंय, निघू की थांबू? इथे सकाळचा अंदाज शिळा झालेला असतो. हवामान विभाग तीन तासांपुरता तातडीचा इशारा देतो, तो 'मौसम' ॲपवर येतो. तो बघा, आणि उपग्रहाचं चित्र बघा. इन्सॅटची चित्रं दर अर्ध्या तासाने तरी नवीन येतात. ढग किती पांढरा आहे यापेक्षा शेवटच्या तीन-चार चित्रांत तो कुठून कुठे सरकला, ते बघा. मुंबईच्या रडारचं चित्रही बरेच जण उघडतात, पण त्याची एक मर्यादा लक्षात ठेवा. पृथ्वी गोल असल्यामुळे मुंबईहून निघालेला रडारचा किरण पुण्यावर येईपर्यंत जमिनीपासून दीड-दोन किलोमीटर वर गेलेला असतो. उंच गडगडाटी ढग त्याला नीट दिसतात, श्रावणातली खालून जाणारी बुटकी सर निसटते. रडारवर काही नाही आणि बाहेर तुम्ही भिजताय, यात चमत्कार काही नाही.

विजांसाठी 'दामिनी' ॲप घ्या, तेही आयआयटीएमचंच. आसपासच्या २० ते ४० किलोमीटरमध्ये वीज पडत असेल तर ते सावध करतं. फोन बंद असेल तर वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजा आणि तिनाने भागा, तेवढे किलोमीटर. आकडा लहान होत असेल तर टेकडीवरून खाली या. वेताळ टेकडीवर झाडाखाली थांबून पाऊस जायची वाट बघणारे लोक मी बघितलेत. कृपा करून तसं करू नका.

चौथी पायरी : महिना कुठला ते बघा

पुण्यात पाऊस दोन स्वभावांचा आहे आणि दोघांचा अंदाज एकाच पद्धतीने वाचता येत नाही.

जून अखेर ते ऑगस्ट हा पाऊस पश्चिमेकडून येतो, पसरट असतो, बराचसा अंदाजात सापडतो. सर येते, दहा मिनिटांत जाते, उघडीप मिळते, पुन्हा येते. या दिवसांत मी एक सोपी युक्ती करतो : वाऱ्याच्या वरच्या अंगाला एक ओळखीचा माणूस धरून ठेवतो. माझा मित्र खडकवासल्याजवळ राहतो. त्याच्याकडे कोसळायला लागलं की अर्ध्या-पाऊण तासात माझ्याकडे काहीतरी येतं. मित्र नसेल तर सिंहगड आहे. कोथरूड-वारज्याच्या वरच्या मजल्यावरून गड दिसत असेल तर दोरीवर कपडे टाकायला हरकत नाही. गड पुसला गेला की कपडे काढा.

एप्रिल-मेचा वळीव आणि सप्टेंबर-ऑक्टोबरचा परतीचा पाऊस हे प्रकरण निराळं. दुपारपर्यंत उकाडा, तीन-चारला ढग उभे राहतात, वारा सुटतो, धूळ उडते, आणि पाचला एका भागात धो धो. दुसऱ्या भागात नुसता मातीचा वास. हे ढग अनेकदा पूर्वेकडून किंवा दक्षिणेकडून येतात, त्यामुळे सिंहगडाकडे बघून उपयोग नाही. तेव्हा हडपसर-उरुळीकडच्या कुणालातरी फोन करा. असा ढग शहराच्या कुठल्या कोपऱ्यावर फुटेल हे सकाळी कुणीच सांगू शकत नाही. सकाळचा अंदाज 'आज असं होऊ शकतं' एवढंच सांगतो, बाकीचं दुपारनंतर उपग्रहाच्या चित्रावर बघायचं. या महिन्यांत मी घरी परतायची वेळ चारच्या आधी किंवा आठनंतर ठेवतो. साहेब लोकांना ते पटत नाही, हा भाग वेगळा.

घरातली वडीलधारी माणसं या सगळ्याला नक्षत्रांनी मोजतात. मृग, आर्द्रा, मग तरणा पाऊस, म्हातारा पाऊस, शेवटी हत्तीचा. यंदा वाहन म्हैस आहे की बेडूक, यावर चर्चा होते. मला ही नावं फार आवडतात आणि ऋतू कुठवर आला हे त्यांतून छान कळतं. मंगळवारी रेनकोट न्यायचा की नाही, हे म्हशीला विचारू नये.

पाचवी पायरी : नदीकाठी राहात असाल तर आकाशाकडे बघणं पुरत नाही

भाड्याने घर बघताना दलाल हे सांगणार नाही. शहरात ऊन असतानाही नदीला पूर येऊ शकतो. मुठा नदीवर खडकवासला आणि त्याच्या मागे पानशेत, वरसगाव, टेमघर अशी धरणांची साखळी आहे. तिकडे घाटात पाऊस झाला आणि धरणं भरत आली की खडकवासल्यातून पाणी सोडतात. इथे घाटाचा अलर्ट तुमच्याही कामाचा होतो.

बातमीतला शब्द 'विसर्ग', आकडा क्युसेकमध्ये. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर. २५ जुलै २०२४ च्या पहाटे खडकवासल्यातून सुमारे ३५ हजार क्युसेक विसर्ग चालू होता, म्हणजे दर सेकंदाला जवळपास दहा लाख लिटर. सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत लोक झोपेतून उठले ते घरात शिरलेल्या पाण्याने. तेव्हा पावसाळ्यात धरण किती भरलंय आणि विसर्ग किती, हे दोन आकडे रोज बघायची सवय ठेवा. जलसंपदा विभाग आणि जिल्हा प्रशासन ते जाहीर करतात. धरणं ऐंशी-नव्वद टक्क्यांवर आणि घाटाला लाल इशारा, असं जुळून आलं की तळघरातली गाडी रात्रीच वर काढा. डेक्कनजवळचा भिडे पूल पाण्याखाली जाणं ही तर पुणेकरांची घरगुती मोजपट्टी आहे. पिंपरी-चिंचवडमध्ये राहात असाल तर पवना धरणाचा विसर्ग बघायचा.

ओढ्याकाठचं दुखणं याच्या उलट. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला तो धरणामुळे नव्हे, कात्रजच्या डोंगरावर आणि दक्षिण पुण्यात थोड्या वेळात पडलेल्या पावसाने. वीसहून अधिक जीव गेले. अशा वेळी हातात दिवस नसतो, तास-दीड तास असतो. कात्रज, सहकारनगर, अरण्येश्वर भागात ओढ्यालगत घर असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबरच्या संध्याकाळी तीन तासांचा इशारा बघितल्याशिवाय झोपू नका. आपत्तीच्या इशाऱ्यांसाठी 'सचेत' हे सरकारी ॲप आहे, तेही फोनवर असू द्या.

मधेच एक : फॉरवर्ड

सोसायटीच्या ग्रुपवर लाल रंगाचं चित्र आलं की आधी त्यावर जारी केल्याची तारीख आणि वेळ शोधा. नसेल तर पुढे पाठवू नका. असेल तर वर्षही बघा, कारण मागच्या वर्षीचा रेड अलर्ट दर जुलैत ताजा होऊन फिरतो. शाळांच्या सुट्टीचा निर्णय हवामान विभाग घेत नाही, प्रशासन घेतं. मुलांना हे सांगून ठेवा, म्हणजे रात्री अकराला ॲप हातात घेऊन बसणार नाहीत.

शेवटची पायरी : गच्चीवर एक डबा

हे ऐच्छिक आहे, पण मला सगळ्यात जास्त शिकवलं ते यानेच. उभ्या, सरळ कडांचा एक डबा घ्या, तळ सपाट हवा. झाड, टाकी, भिंत यांपासून लांब, उघड्यावर ठेवा आणि उडू नये म्हणून दोन विटांमध्ये अडकवा. रोज सकाळी साडेआठला पट्टी बुडवून पाणी किती मिलिमीटर चढलं ते वहीत लिहा आणि डबा रिकामा करा. शेजारच्या रकान्यात शिवाजीनगर, पाषाण, लोहगाव, चिंचवड यांतल्या तुम्हाला जवळच्या दोन केंद्रांचे आकडे लिहा. तिसऱ्यात आदल्या दिवशी अंदाजात काय म्हटलं होतं ते.

महिनाभरात तुमच्या घराचा कल दिसायला लागतो. माझ्या कोथरूडच्या गच्चीवर जुलैत शिवाजीनगरपेक्षा बहुतेकदा जास्त भरतं आणि मेच्या वळवात काहीच नेम नसतो. खराडीच्या सहकाऱ्याने असाच डबा ठेवलाय, त्याचं उलट आहे. आम्ही दोघं सकाळी आकडे एकमेकांना पाठवतो. त्याचा शून्य आला आणि माझा डबा वीसवर असला, तर तो दुपारी चहाच्या टपरीवर विचारतो, 'तुम्ही नक्की पुण्यातच राहता ना?'